बिनपासवर्डचा गाळा

सोळा जून, सोमवार. त्या दिवशीचं काम: नव्या कॉम्प्युटरवरच्या फाइली मिलिंग मशीनला दिसायला लावणे.

अंधेरीच्या आमच्या गाळ्यात धातू कापणारं मोठं मशीन एकच, नवऱ्याने आणि मी वीस वर्षांपूर्वी घेतलेलं. नवरा गेल्यापासून गाळा मी बघते. मशीनचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा मेंदू, जुना आहे. लांबलचक प्रोग्रॅम त्याच्यात मावत नाहीत, ते तो कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून वाचतो. शनिवारी जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. मुलाने नवा आणून बसवला, आणि मशीनला फोल्डर दिसेनासा झाला.

"आई, विकून टाक ना ते," मुलगा म्हणाला. "उद्या अकराला एक जण बघायला येतोय. बोलावलंय मी."

मशीन चालवणारे मामा मालवणचे, अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना हा एकच कंट्रोलर येतो. मशीन गेलं की मामांचं कामही गेलं. ते पुसलेलं टेबल पुन्हा पुसत राहिले.

मी आधी वायर तपासली. कॉम्प्युटरवरून मशीनला हाक दिली, उत्तर आलं. म्हणजे रस्ता बरोबर होता, दार बंद होतं. नवे कॉम्प्युटर शेअरिंगची जुनी पद्धत बंद करून ठेवतात आणि कंट्रोलरला तेवढीच कळते. ती चालू केली. ती धोक्याची असते, म्हणून त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढलं. तरी फोल्डर उघडेना.

मग लक्षात आलं. नवऱ्याचा नियम होता, कुलूप फक्त शटरला. दुसरे लोक मायक्रोमीटर कपाटात बंद करतात, आमचा उघड्या फळीवर. शेजारच्या गाळ्यातले येऊन न्यायचे, संध्याकाळी आणून ठेवायचे. नवरा फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून फिरायचा, मामा ती फुंकर मारून मशीनमध्ये सरकवायचे. पुढे नवऱ्याने स्वतः शिडीवर चढून छताखालून वायर ओढली, पण पासवर्ड काही घातला नाही. कंट्रोलर इतकी वर्षं नुसताच आत जायचा. नवा कॉम्प्युटर त्याला विचारत होता, तू कोण?

"मामा, पासवर्ड ठेवावा लागेल. तुम्हीच सांगा कुठला."

"आपल्याच घरात शिरूक पासवर्ड कित्याक, वहिनी?"

"कॉम्प्युटर तुम्हाला ओळखत नाही."

"तेका सांगा, मी वीस वर्सां हयच आसय."

शेवटी त्यांनी एक सांगितला. मी कॉम्प्युटरवर मशीनच्या नावाने वेगळं खातं उघडलं, तोच पासवर्ड कंट्रोलरमध्ये भरला. फोल्डर उघडला. मामांनी लगेच खडूने पासवर्ड मशीनच्या दारावर लिहिला, हातभर मोठ्या अक्षरांत.

"झकास," मुलगा म्हणाला. "आता शेजाऱ्यांनाही सांगून ये."

"मी इसारलय तर तू येतलस सांगूक?" मामा म्हणाले.

मी ती अक्षरं पुसली नाहीत. त्या दिवशी थोडी हळवी झाले असेन. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा त्याच्या आवाजावरूनच कळलं, की प्रोग्रॅम अडखळत नाहीये. हा आवाज ओळखायला मला नवऱ्याने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी त्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, येऊ नका, मशीन विकायचं नाही. मुलगा फुगून बसला. मी मामांना खुर्ची दिली, नव्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फाइल कॉपी कशी करायची ते दाखवलं. तीनदा चुकले. चौथ्यांदा करायला लावलं.