अकरा शर्टांचा उजवा खिसा

आमची ताई शिवणकामात एक नंबर, पण घाबरली की तिचं डोकं नको तिकडे धावतं. हे मी तिची सख्खी धाकटी बहीण सांगतेय, तिच्याच दुकानात काजं-बटणं करणारी, तेव्हा खोटं कशाला बोलू?

भावोजी पाट्या रंगवतात. मोबाइल कायम शर्टाच्या डाव्या खिशात, कारण गिऱ्हाइकं दिवसभर फोनवरून अक्षरं सांगत असतात. एक दिवस शिडीवर त्यांना गरगरलं. उतरले ते थेट दवाखान्यात. ठोके फार हळू पडतायत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छातीवर कातडीखाली पेसमेकर बसवू, ते छोटं यंत्र हृदयाला वेळेवर ढकलत राहील.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. भावोजींना काळजी भलतीच! "मोबाइल सोडावा लागेल का हो?"

"सोडू नका, लांब ठेवा," बाई म्हणाल्या. "त्यातून रेडिओलहरी निघतात, आत लोहचुंबकही असतो. यंत्राला अगदी चिकटला तर ते गोंधळू शकतं. सहा इंच अंतर ठेवा. यंत्रावरच्या खिशात नको, आणि बोलताना पलीकडचा कान. एवढं पाळलंत की खुशाल बोला."

शिंपिणीला कुणी इंच सांगावेत? ताईने गळ्यातली टेप काढून तिथेच भावोजींची छाती मोजली. हृदय डावीकडे, म्हणजे यंत्र डावीकडे, म्हणजे खिसा उजवीकडे! झालं, बाईसाहेबांचं ठरलं.

ऑपरेशनला तीन दिवस होते. तेवढ्यात तिने अकराच्या अकरा शर्टांचे खिसे उसवून उजवीकडे लावले. जुने, धुऊन विटलेले शर्ट. डावीकडे खिशाच्या जागी मूळ रंगाचा गडद चौकोन उघडा पडला. मी म्हटलं, "अगं ताई, एकदा विचार तरी."

"तू तुझी काजं कर!"

असा राग आला मला! कात्री आपटून निघूनच जाणार होते. तेवढ्यात मशीन थांबलं. बघते तर ही भावोजींच्या शर्टात तोंड खुपसून बसलेली. मी गुपचूप सुईत दोरा ओवला.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने दारातच विचारलं, "काका, कामाचा हात कुठला?" भावोजींनी डावा हात वर केला, नखांत निळा रंग तसाच. आम्ही दोघी शेजारीच उभ्या होतो. नुसत्या उभ्या, ठोंब्यासारख्या!

सगळं नीट पार पडलं. दवाखान्याच्या बंद झग्याखाली पट्टी काही आम्हाला दिसली नव्हती. घरी सोडायच्या दिवशी ताईने मोठ्या तोऱ्यात शर्ट काढला, भावोजींना घातला, बटणं लावायला घेतली आणि तिचा हात हवेतच राहिला. पट्टी उजवीकडे, आणि नेमका पट्टीवरच खिसा.

"अहो, हे इकडे कसं?"

"काका डावखुरे ना," नर्स म्हणाली. "कामाचा हात मोकळा राहावा म्हणून आम्ही बहुतेकदा दुसऱ्या बाजूला बसवतो."

पस्तीस वर्षं ताई त्या डाव्या हाताशेजारी जेवायला बसतेय! मी आधी फुटले. मग भावोजी, मग नर्स, मग पलीकडच्या खाटेवरचे आजोबा, ज्यांना काय झालं तेही माहीत नव्हतं.

"अहो, हसू नका, टाके उसवतील!" ताई ओरडली आणि स्वतःच पोट धरून खाली बसली. हसता हसता रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं तिथे निघालं.

आता खिसे परत आपापल्या गडद चौकोनांवर बसलेत. तोंडात टाचण्या धरून तिने पट्टीपासून खिशापर्यंत टेप लावली. "साडेसात! ठेवा आता मोबाइल."

भावोजी दुकानातल्या टेबलाशी बसून छोट्या पाट्या रंगवतात. काल खिशात फोन वाजला. त्यांनी डाव्या कानाला लावला. "बोला, कोण?"

"मीच," आतल्या खोलीतून ताई. मध्ये अवघी चार पावलं आणि एक पडदा. "बरे आहात ना?"

"आहे गं, आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटांनी परत तेच. मी म्हटलं, "ताई, कमाल आहे तुझी! पडदा सारून बघ ना." ती ओशाळली आणि कात्री घेऊन बाह्या कापायला बसली.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कापड होतं. तो मी लावला होता.