पाहिल्याशिवाय एन्ट्री नाही

कागदावर आमच्या काकांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत शोधून सापडणार नाही. आणि हाच माणूस पावण्यातल्या आमच्या छोट्याशा कारखान्यात बावीस वर्षं अकाउंटंट होता! नात्याने ते माझे कुणी नव्हेत. पण मोठ्या शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळेच त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. मी एम.कॉम. त्यांचं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. कामाला लागले ते गेटवर वॉचमन म्हणून. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू रजिस्टरात लिहायची, एवढंच काम. एकदा तेव्हाच्या पदवीधर अकाउंटंटने ऑइलच्या बारा पिंपांचं बिल पास केलं आणि काका रजिस्टर काखेत मारून सरळ मोठ्या शेठच्या केबिनमध्ये घुसले. "शेठ, पिंपा धाच आली. मी डोल्यानी बगली." महिन्याभरात तो पदवीधर गेला आणि त्याच्या खुर्चीवर शिरवण्याचे आमचे काका येऊन बसले. खुर्ची बदलली, पण काका मनाने गेटवरच राहिले.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला अख्खं अकाउंटिंग चहा निवायच्या आत शिकवलं. "गेटातून आत आला तो डेबिट, भायेर गेला तो क्रेडिट. नि डोल्यानी बगल्याबिगर लिवाचा नाय. समजला?" हेच समजायला मला कॉलेजात पाच वर्षं लागली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी आपली हुशारी दाखवायला दुसऱ्याच दिवशी कॉम्प्रेसर दुरुस्तीचं बिल एन्ट्रीला घेतलं. "चालू हाय का?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, बिलावर सही आहे की. "अगो, सही चालते का कॉम्प्रेसर चालतो?" मी बघायला गेले, तर कॉम्प्रेसर अजून मिस्त्रीच्या टेम्पोत पोट उघडं टाकून पडलेला!

काकांची ही खोड कुठेही सुटायची नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल आलं की स्वारी शिडीवरून वर. दिवाळीच्या मिठाईचं बिल आलं की एक पेढा तोंडात टाकून, डोळे मिटून मगच सही. विम्याच्या एजंटाची तर त्यांनी दैनाच केली. "पैसे घेतलेस, माल काय दिलास?" त्या बिचाऱ्याने पॉलिसी पुढे केली. "हा तर कागूद," म्हणून काकांनी ती परत सरकवली, आणि आग लागेपर्यंत थांबता येणार नाही हे पटवायला आम्हाला तीन दिवस लागले. माझ्या लग्नातही वाशीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी आल्याआल्या पाकिटं दिली; काका मात्र स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाला वरून खालपर्यंत न्याहाळलं, "बरा हाय" म्हणाले, आणि मग खिशात हात घातला.

अशा माणसाला आयुष्यात एकच कागद हवा होता. एकदा डबा खाताना बोलून गेले. पगार वाढत गेला, पण पदवी नाही म्हणून त्यांचा हुद्दा रेकॉर्डवर वॉचमनच राहिला होता. काकू हयात असेपर्यंत गावात सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या, आमचे हे अकाउंटंट हायत. आणि लोक मागून हसायचे, गेटवरचा अकाउंटंट म्हणून. "रिटायर होताना तेवढा एक शब्द लिवून दे गो," काका डब्यात बघत म्हणाले.

निवृत्तीचं पत्र मीच टाइप केलं. मोठे शेठ तोवर वारले होते. छोट्या शेठनी पेन उघडलं आणि थांबले. "मॅडम, अकाउंटंट कसं लिहिलं? डिग्री कुठंय? उद्या कोणी विचारलं तर फुकटचं टेन्शन."

मी कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "मग सर, बावीस वर्षं बँकेला दिलेले हिशेब वॉचमनने लिहिले, असं कळवू का?"

छोटे शेठ हसले आणि सही केली.

काकांनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं. आनंद वगैरे काही नाही. उलट कपाळाला आठी. "माझी डिग्री बगलीस तू?"

"नाही."

"मंग बगल्याबिगर लिवलास कसा?"

"काम बघितलं ना, काका. सहा वर्षं. रोज."

पत्र त्यांनी घडी न घालता डब्याच्या पिशवीत उभं ठेवलं, गेटवरच्या नव्या वॉचमनला थांबवून दाखवलं, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे 'निवृत्त' लिहायचं होतं. मी दोनदा बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. शेवटी उठले, पलीकडच्या खोलीत जाऊन त्यांची खुर्ची बघितली. पाठीला बांधलेली उशीसुद्धा ते घेऊन गेले होते.

मग परत आले आणि एन्ट्री केली.