थुंकीची दुसरी डबी

बाहत्तरच्या दुष्काळात कर्जत तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचो. खडी फोडायच्या कामावर खोकल्याची साथ आली होती. थुंकीच्या डब्या उघडून उघडून माझी जेवणावरची वासना उडाली होती, आणि खरं सांगायचं तर माणसांवरचीही.

डॉक्टर म्हणायचे, हा व्हायरल ताप, आपोआप जाईल. पण तसं दाखवणारी तपासणी आमच्याकडे नव्हती. आम्ही फक्त क्षयाचे जंतू शोधायचो. ते दिसले नाहीत तरी क्षय नाहीच, असं छातीठोक सांगता येत नसे.

एका तरुण बाईचा खोकला दोन आठवडे झाले तरी हटेना. तिच्या पहिल्या डबीत नुसती लाळ निघाली, तपासायला निरुपयोगी. नवरा दारातच अडून बसला.

"काय ते येकदाचं सांगा, सायेब. क्षय आसंल तर तिला माहेरी धाडतो. लेकरू हितंच ठिवतो."

लेकरू अजून अंगावर पीत होतं. मी वैतागून म्हणालो, "तिला म्हणावं, उद्या पहाटे छातीतून खाकरून काढ."

दुसऱ्या डबीत जंतूच जंतू. मी क्षय म्हणून लाल शाईने कागद भरून टाकला.

तिसऱ्या दिवशी ती, नवरा, सासू, लेकरू, सगळे औषधासाठी आले. तिला माहेरी न्यायला तिचा भाऊही आला होता. तिचा ताप उतरला होता, खोकलाही थांबला होता. एवढे जंतू असलेली बाई अशी दिसत नाही, हे मला कळत होतं. पण मी थकलो होतो, गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

तिने लेकरू सासूच्या मांडीवर ठेवलं आणि रडत उठली. तेव्हा सासूच बोलली.

"डबी माजी हाय. सासऱ्याम्होरं खाकरायला तिला लाज वाटती. रिकामी डबी कशी द्यावी? मला खोकला जुनाच, म्हून मीच थुकले."

सुना सासऱ्यासमोर थुंकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मीही त्याच भागातला. डबी कोणाची, एवढं मात्र मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुनेची छाती पुन्हा तपासली. साफ होती. "व्हायरलच होतं," ते म्हणाले आणि म्हातारीकडे वळले.

तिला काही सांगावं लागलं नाही. तिने लेकरू उचलून सुनेला दिलं, तोंडावर पदर धरला आणि मला विचारलं, "मला आता कोन नेनार, सायेब? माजा भाऊ तर कवाच गेला."