कंपाउंडरांचा चाफा

दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, डॉक्टरही गेले, पण गल्लीच्या लेखी ते कंपाउंडरच राहिले. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको परगावी गेली ती नातीच्या दुधाच्या दातांपर्यंत तिकडेच अडकली. जाताना अंगणातला चाफा तिने नवऱ्याच्या हवाली केला. नवरा कुणाच्या हवाली, हे सांगायचं राहून गेलं.

रविवारी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "चाफा कसा आहे?" कंपाउंडरांची चौकशी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर, गॅस सिलिंडरच्या आसपास. त्यामुळे त्यांची पक्की समजूत झाली होती की ती परत आली तर चाफ्यासाठी येईल.

थंडी पडली आणि चाफ्याची पानं गळू लागली. दर हिवाळ्यात ती गळतच असणार, पण इतकी वर्षं कंपाउंडरांनी या झाडाकडे फक्त पेपरावरून पाहिलं होतं. आता उघड्या फांद्या बघून त्यांचं धाबं दणाणलं. पेशंट खंगलाय, म्हणजे डोस वाढवा. त्यांनी दिवसातून तीन वेळा पाणी घालायला सुरुवात केली, जेवणानंतर. अर्थात स्वतःच्या, झाडाच्या जेवणाची वेळ त्यांना माहीत नव्हती.

"आता सलाईन लावा," शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून म्हणाले.

"तुम्ही पत्रं वाटायचीत, तेवढंच बघा."

एका सकाळी खोडावर अंगठा ठेवला तर तो आत गेला. खोड पिकल्या केळ्यासारखं कुजलं होतं.

त्या रविवारी त्यांनी छाती ठोकून सांगितलं, "चाफा ना? हिरवागार आहे. पानाला पान लागलंय."

ती म्हणाली, "या थंडीत?"

कंपाउंडरांनी खिडकीतून उघड्या फांद्यांकडे पाहिलं.

"किती पाणी घातलंत?"

त्यांनी सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "वरची एखादी कडक फांदी कापा. चीक गळू द्या. मग सावलीत ठेवा, काप सुकेपर्यंत. नंतर वाळूमिश्रित मातीत लावा. आणि पाणी घालू नका. अहो, काहीच करू नका, जमेल का?"

काहीच न करणं हे कंपाउंडरांना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. फांदी आधी खोलीच्या कोपऱ्यात, मग कुंडीत उभी राहिली आणि ते समोर खुर्ची टाकून बसले. तिच्याशी बोलत असत म्हणे. पोस्टमनची बातमी आहे, थोडी कमी करून घ्यावी. ऊन तापलं, आणि फांदीच्या टोकाला हिरवी चोच फुटली.

रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला.

"जगला," ते म्हणाले.

"बघा, जमलं की. आता मला चाफ्याची काळजी नाही. इथे लेकीची नोकरी पुन्हा सुरू होतेय, राहीन म्हणते अजून."

कंपाउंडर कुंडीकडे बघत राहिले. झाड जगवून आपण काय करून बसलो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"चाफा ठीक आहे," ते म्हणाले. "मलाच करमत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात प्रथमच उच्चारलं गेलं. पलीकडे नात कशासाठी तरी हट्ट करत होती.

"बघते," ती म्हणाली.

डॉक्टर 'बघू' म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ काय असायचा, हे कंपाउंडरांना पुरतं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची गादी उन्हात टाकली.