दोन पास, सबनीस नावाने

डॉक्टर मोरेश्वर सबनीस आयुष्यात फारसं खोटं बोलले नाहीत. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात तीस वर्षं लोकांची हृदयं तपासली, टॅक्स वेळेवर भरला, स्वतःच्या दारातला बर्फ कधी शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलला नाही. खोटं बोलले ते एकच, आणि तेही पोटच्या मुलीबद्दल. खोटं बोलायला माणसाला जागा तरी कुठली सापडावी!

२००१ सालची गोष्ट. मुलगी आश्लेषा तेव्हा चोवीस वर्षांची, सहा फूट उंच, आणि बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला तिचा पहिलाच मोसम. खेळण्याचा पगार मिळणार हे तिनं घरी सांगितलं तेव्हा तिची आई सुवर्णा आधी रडली आणि मग उठून तिनं शिरा केला. मोरेश्वर म्हणाले, "बरं. पण पुढे काय?"

टीममधल्या प्रत्येकीला घरच्यांसाठी सामन्याचे दोन पास मिळत. आश्लेषा ते तिकीटखिडकीवर ठेवायला सांगे. दोन पास, सबनीस नावाने. बेंचच्या मागे, दुसरी रांग. सामना सुरू व्हायच्या आधी ती एकदा मागे वळून बघे. आई दोनदा आली, एकटीच, रात्रभर बसनं प्रवास करून. दुसरी खुर्ची मोसमभर रिकामी राहिली.

त्या वर्षी गणपतीत ती मराठी मंडळाच्या जेवणाला गेली. शाळेचा कॅफेटेरिया, कागदी थाळ्या, मसालेभात. बाबांचे मित्र सुमंत यांची बायको सुहासिनीकाकू तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात वर करायची धडपड करत म्हणाली, "बरी भेटलीस गं! हा खांदा बघ ना जरा, वरच जात नाही. तुझे बाबा म्हणाले, तू स्पोर्ट्सवाल्यांची फिजिओथेरपिस्ट झालीस."

आश्लेषानं बाबांकडे पाहिलं. ते कोशिंबिरीतली मिरची शोधत होते.

तिथेच तिनं बोलायला हवं होतं. पण भर पंगतीत, देवासमोर, बापाला खोटं पाडायचं? चारचौघांत मोठ्या माणसाला तोंडघशी पाडायचं नाही, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरवलेलं. तिनं टीमच्या फिजिओनं शिकवलेला व्यायाम काकूला दाखवला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दिवसातून तीनदा. आणि कर्म बघा, दोन महिन्यांत काकूचा खांदा बरा झाला! झालं, खोट्याला पुरावा मिळाला. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला कोणी कंबर घेऊन येई, कोणी टाच. आश्लेषा आतल्या आत जळत व्यायाम सांगत राही.

त्या गणपतीच्या जेवणाहून घरी जाताना गाडीत तिनं विचारलंच. "बाबा, लाज वाटते का माझी?"

"लाज कसली? लोकांना समजेल असं सांगितलं," मोरेश्वर आरशात मागची गाडी बघत म्हणाले. "मंडळात कोणाला बास्केटबॉल कळतं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मुलगी म्हणजे झाकायची मूठ! हे वाक्य ती पुढं कधी विसरली नाही.

२००३च्या जुलैत उडी मारून खाली येताना तिचा डावा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, आठ महिने पट्टा बांधला आणि पुढच्या उन्हाळ्याआधी टीमच्या मॅनेजरचा फोन आला. दीड मिनिटाचा, थँक यू धरून. संपलं खेळणं. ऑपरेशनला मात्र मोरेश्वर हजर होते. सर्जनशी डॉक्टरी भाषेत बोलले, एमआरआयची फिल्म उजेडात धरून पाहिली. मुलीचा गुडघा त्यांनी आतून पाहिला, पण तो पळताना कधी पाहिला नाही. घरी आल्यावर म्हणाले, "आता खरंच फिजिओथेरपीचं कर."

म्हणजे मुलीनं आयुष्य बदलावं, का, तर बापाचं खोटं खरं व्हावं! आश्लेषानं कुबडी उचलली आणि खोलीचं दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

ती पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या पण नावाजलेल्या कॉलेजात असिस्टंट कोच लागली. मुलींचा सराव पहाटे साडेपाचला, कारण बाकी सगळा वेळ जिम मुलांच्या टीमचं. मुलांना बस, मुलींना दोन व्हॅन, त्यातली एक आश्लेषानंच चालवायची. मुलांचा कोच तिला जाता-येता 'स्वीटहार्ट' म्हणायचा. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावरून, अर्ध्या कोर्टावरून, चेंडू बास्केटात टाकला आणि आपलं नाव सांगितलं. त्यानंतर तो 'कोच' म्हणू लागला. रागाला असं कामाला जुंपायचं तिला जमत होतं. फक्त बाबांवरचा राग कुठं जुंपावा ते कळत नव्हतं.

२००६मध्ये ती हेड कोच झाली. कॉलेजच्या सामन्यांना तिकीट नव्हतं, पासही नव्हते. तरी घरचा सामना असला की ती दुसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर कागद चिकटवायची, 'सबनीस'. जित्याची खोड, दुसरं काय!

आणि मग २००७च्या नोव्हेंबरात तिच्या ऑफिसात फोन वाजला. बाबांनी ऑफिसात केलेला हा पहिला फोन.

"बाळ, तुझी मॅच कधी असते गं?"

आश्लेषा खुर्चीतून उठून उभी राहिली. "शनिवारी, दोनला," ती म्हणाली. फोन ठेवून ती तीस वर्षांची बाई एकटीच हसली. शनिवारी तिनं नवीन कागदावर ठळक अक्षरांत 'सबनीस' लिहिलं.

मोरेश्वर आले. पण दुसऱ्या खुर्चीवर आई नव्हती, सुमंतकाका होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची बारावीतली मुलगी अंतरा. असू दे, आश्लेषाला वाटलं, बाबा आले ना! तिच्या मुली दोन गुणांनी जिंकल्या. शेवटच्या सेकंदाला तिनं मागे वळून पाहिलं, तर बाबा काकांच्या मांडीवरच्या फाइलमध्ये काहीतरी वाचत होते.

सामन्यानंतर तिघं तिच्या ऑफिसात आले.

"आश्लेषा, काय मॅच झाली यार!" सुमंतकाकांनी ती फाइल टेबलावर ठेवली. "बरं, अंतराचं ॲप्लिकेशन इथे टाकतोय. ऐकलं की कोच लोक ॲडमिशन ऑफिसला नावं देतात. आपल्या अंतराचं देऊन टाक. नावापुरतं गं. खेळायला नको लावू, ग्रेड्स पडतील."

"डॅड, आय डोन्ट इव्हन प्ले," अंतरा जमिनीकडे बघत पुटपुटली.

टीमला हव्या असलेल्या मुलींची सहा नावं दरवर्षी आश्लेषाला देता येत, आणि त्यांना प्रवेश सोपा जाई. सहावं नाव होतं वूस्टरच्या जॅस्मिनचं. दोन बस बदलून शाळेच्या सरावाला जाणारी आणि उजवीकडून अडवलं तर डावीकडून घुसणारी पोर. तिच्या जागी ही? जिला चेंडू हातात धरायचीसुद्धा इच्छा नाही?

"आणि बाबा, तुमचं काय म्हणणं?"

"तुझ्या हातात आहे ना?" मोरेश्वर म्हणाले. "एक नाव तर लिहायचं. सुमंत आपला घरचा माणूस."

आश्लेषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं एक सामना बघायला सवड झाली नाही आणि आले ते ह्यासाठी!

"लिहिलं असतं, बाबा. पण ते नाव कोचनं द्यावं लागतं. आणि तुमची मुलगी तर फिजिओथेरपिस्ट आहे. अंतराचा खांदा दुखत असेल तर सांगा, बघते."

मोरेश्वरांचा चेहरा पडला. सुमंतकाका मात्र खुशाल हसले. "अगं सोड! ते फिजिओ-बिजिओ कोणी खरं धरलं होतं? त्याच उन्हाळ्यात आम्ही तुला केबलवर पाहिलं, माझ्या बेसमेंटमध्ये. वीसएक जण होतो. एकोणीस पॉइंट्स केलेस तू! सुहासिनीनं इतके हात नाचवले की खांदा तिथेच धरला तिचा."

"मग काकूनं मला तसं विचारलं कशाला?"

"मोरेश्वर सांगतोय फिजिओ, म्हणजे त्याला तसंच हवंय. मित्राला तोंडघशी कोण पाडणार?"

वीस माणसं. सोफ्यावर बसून टाळ्या पिटल्या, आणि सहा वर्षांत एकाच्याही तोंडून 'छान खेळलीस पोरी' निघालं नाही. कंबर तेवढी दाखवली!

"कुठली मॅच?" मोरेश्वरांनी हळूच विचारलं. "मला नाही बोलावलंस, सुमंत?"

"तुला कसं बोलावणार?"

अख्ख्या मंडळात तिला खेळताना न पाहिलेला एकच माणूस होता, आणि तो तिचा बाप होता. हे मोरेश्वरांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ते खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

आश्लेषानं फाइल उचलून अंतराच्या हातात दिली. "तू एकटीच खरं बोललीस. तुझ्या मार्कांवर ये, मला आनंद होईल." मग ती बाबांकडे वळली. "नाव मी देणार नाही. पुढची मॅच बुधवारी, सहाला. यायचं तर कामाशिवाय या."

बुधवारी मोरेश्वर आले. एकटे, रिकाम्या हातानं. खुर्चीवरचा कागद त्यांनी जपून काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि बसले. आश्लेषाला ते बास्केटमागच्या बोर्डाच्या काचेत दिसले. सामना चालू होता तोवर ती एकदाही मागे वळली नाही. सहा वर्षं वळून वळून तिनं पाहिलं होतं. आता बघत बसायची पाळी त्यांची होती.