पुंजारामबाबांचं धारोष्ण दूध

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात, उसाच्या कडेला पुंजारामबाबांची वस्ती होती. बाबांचा खोकला हटेना आणि दवाखान्यात क्षय निघाला, तेव्हा कुणी सांगायच्या आधीच त्यांनी आपली वाकळ उचलून गोठ्यात नेली. घरात लहानगी नात होती, चांगुणा. आपलं दुखणं तिला लागू नये, एवढीच त्यांची तळमळ.

गोठ्यात सोबतीला कपिली गाय. बाबा आपल्या तोंडची अर्धी भाकरी तिला भरवत. ती मान लांबवून त्यांचा खांदा चाटे. सकाळी चांगुणा पितळी फुलपात्र घेऊन दाराशीच थांबे, आत यायची तिला बंदी. बाबा धार काढून फेसाळ, कोमट दूध तिच्याकडं सरकवत.

"उभ्यानंच पी. लई ताकद येती."

तिच्या ओठावर पांढरी मिशी उमटली की बाबांची सकाळ गोड होई.

पोळ्याच्या सुमारास चांगुणाच्या गळ्याला गाठ आली, ती क्षयाची निघाली. डॉक्टरांनी आजीला, गोजरबाईंना विचारलं, "दूध तापवून देता ना?"

"तापवून कशापायी? धारोष्ण देतो की."

मग जनावरांचे डॉक्टर सुमंत वस्तीवर आले. त्यांनी क्षयाच्या तपासणीसाठी कपिलीच्या मानेच्या कातडीत सुई टोचली. तीन दिवसांनी पुन्हा येऊन पाहिलं, तर तिथं टणक सूज.

"बाबा, हिलाही क्षय आहे."

"माझ्यापायी?"

"तुमचा तिला गेला की तिचा तुम्हाला आला, कसं सांगू? पण पोरीला बहुतेक दुधातूनच गेला."

बाबा त्या फुलपात्राकडं बघत बसले.

"घोडेगावच्या बाजारात इकून टाका," गोजरबाई म्हणाल्या.

"आन् तिथं कुनाची नात पिईल तिचं दूध?"

कपिलीला बांधावरच्या बाभळीखाली निराळं बांधलं. बाबांनी शेजारच्या मळ्यात आपल्यापुरतं छप्पर घातलं. तिला भाकरी ते टाकत, पण लांबूनच. ती मान लांबवून उभी राही, तेव्हा बाबा पाठ फिरवून उसात शिरत.

चांगुणाला औषध सुरू झालं, आणि शेजारच्या बन्सीच्या गाईचं तापवलेलं दूध. ती तोंड फिरवी.

"साय लागती. मला न्हाई पायजे."

एका सकाळी बाबा अंगणाच्या कडेला आपला पेला घेऊन बसले आणि सायीसकट दूध प्यायले.

"बघ गं, मला बी मिशी आली."

ती हसली, आणि प्यायली. गाठ हळूहळू विरली.

चांगुणा आता स्वतः आजी आहे. दूध वर येईपर्यंत ती चुलीपुढून हलत नाही. आणि साय मात्र कुणाला काढू देत नाही.