डबलचा विमानाचा फॉर्म

मास्तर कुत्र्याला कधी हाक मारत नसत, घंटी देत. दोरीला एक झटका दिला की कुत्रा थांबायचा, दोन दिले की चालू लागायचा. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? कुत्र्याचं नावही त्यांनी डबल ठेवलं होतं. काचबिंदूनं नजर विझत चाललेले मास्तर आणि तो तांबडा गावठी कुत्रा रोज सकाळी गेवराईचा हमरस्ता ओलांडून माझ्या दुकानात येत. ट्रक येताना दिसला की डबल आपणहून थांबे आणि मास्तरांच्या पोटरीला अंग लावून त्यांनाही थांबवी.

माझं दुकान बसस्टँडसमोर. तिकिटं काढायची, ऑनलाइन फॉर्म भरायचे, झेरॉक्स काढायची. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव मला पेन्शनचा हयातीचा दाखला भरताना कळलं. नजर कमी झाल्यापासून कुठलाही कागद ते माझ्याकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेत आणि मगच सही करत. मधली एखादी ओळ गाळलेली त्यांना आवाजावरून कळे.

जनावरांच्या प्रवासाबद्दल त्यांचे नियम पक्के होते. एसटीच्या पुस्तकात काय लिहिलं होतं देव जाणे, पण मास्तरांच्या गाडीत कोंबडी टोपलीत, टोपली सीटखाली, आणि शेळी शेवटी चढून पहिली उतरायची. "जनावरानं कसं वागावं ते जनावराच्या हातात न्हाई," ते म्हणत, "मालकानं कसं वागावं ते हाय." माणसांनाही सूट नव्हती. दुसऱ्याच्या पासवर बसलेल्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी गढीच्या फाट्यावर, भर उन्हात, उतरवलं होतं. मास्तरांची बायको, आमच्या काकू, त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या काकू एका दुपारी बसल्या जागी गेल्या आणि मास्तरांना धास्तीचा आजार जडला. कोंदट जागेत बसलं की छाती धडधडे, दरदरून घाम सुटे, श्वास पुरेना. अशा वेळी डबल त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून भार देऊन पडून राही. हळूहळू श्वास जाग्यावर येई. बीडच्या डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि गोळ्या निम्म्या केल्या. एकदा मी त्यांना कुत्र्याशिवाय एसटीनं बीडला न्यायचा प्रयत्न केला. अर्ध्या वाटेत ते भिजलेल्या सदऱ्यानिशी खाली उतरले. ज्या माणसाचं आयुष्य एसटीत गेलं, त्याला एसटीत बसवेना. त्या दिवशी मला रडू आलं.

त्यांची एकुलती एक लेक सुनीता गुवाहाटीला. जावई लष्करात. तिला मुलगी झाली, पण बाळ फार नाजूक. वर्षभर प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे डोळ्यांच्या डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं, उजेड आता तीन महिन्यांचा. मास्तर तडक दुकानात आले.

"बाळू, इमानाचं बघ. फोनमधलं बारीक मला दिसत न्हाई. उजेड हाय तवर नातीचं तोंड बघतो. मंग जाऊ दे डोळे."

"अन् डबल?"

"त्याच्याबिगर मी बसन का? त्याचा काय नियम हाय त्यो काढ."

विमान कंपनीचे नियम मी वाचून दाखवले. मदतनीस कुत्रा मालकाच्या पायाशी बसेल, वाट अडवणार नाही, भुंकणार नाही, तोंडाला जाळी हवी, लस टोचल्याचा दाखला हवा. मास्तर खूश झाले. "माझेच नियम हायेत की," म्हणाले. जनावरांच्या दवाखान्यात सुया झाल्या. बैलाला मळणीत बांधतात तसलं मुसकं त्यांनी डबलच्या मापाचं विणून घेतलं. मग माझ्या दुकानात दोन खुर्च्या खेटून मांडल्या आणि त्यांच्या पायाशी डबलला तीन-तीन तास बसवायचा सराव सुरू झाला. झेरॉक्सला आलेली माणसं हसायची. मास्तर ताठ बसून असायचे, कमरेला पट्टा आवळल्यासारखे.

फॉर्म भरताना एका ओळीवर मी अडलो. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं नाव. ते कोरं चालत नव्हतं. मी मनानं एक नाव ठोकून दिलं. दाखलाही दहा मिनिटांत तयार झाला असता, शिक्क्यासकट. मग नेहमीसारखा फॉर्म वाचायला घेतला. ती ओळ आली तेव्हा गाळावी असं वाटलं, पण मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. मी वाचली.

"ही कंची संस्था?"

"हाय एक."

"डबल कंच्या शाळंत गेलता, बाळू?"

"मास्तर, कोण बघतंय तिथं?"

"तीस वर्सं मीच बघत हुतो की. खोड ते. मालकानं शिकवला म्हणून लिव्ह."

मी चिडलो. नियम काय नातीपेक्षा मोठा आहे का, असंही बोललो. ते सहीचं पेन खाली ठेवून बसले. मी खरं लिहिलं आणि आठ दिवसांत नकार आला. संस्थेचा दाखला नसेल तर कुत्रा पिंजऱ्यात, खाली सामानाच्या जागी. मास्तरांची धास्ती वर आणि कुत्रा खाली, याचा काय उपयोग? दूरच्या शहरातल्या, कुत्री शिकवणाऱ्या एका संस्थेला फोन केला. मोठ्या झालेल्या कुत्र्याची परीक्षा आम्ही घेत नाही, म्हणाले. मी कंपनीला पुन्हा तीन पत्रं लिहिली. प्रत्येक पत्र मास्तर पूर्ण वाचून घेत आणि उत्तराची वाट बघत. पोळा गेला, दसरा गेला. एका सकाळी त्यांनी चहाच्या पेल्याकडे हात नेला आणि तो पेल्याच्या वीतभर पलीकडे पडला. मी पेला त्यांच्या हातात दिला.

दिवाळीनंतर जावयाला सुट्टी मिळाली. तो स्वतः येऊन त्यांना घेऊन गेला, झोपेची गोळी देऊन, चाकाच्या खुर्चीतून. डबल माझ्याकडे राहिला. महिन्यानं परत आले तेव्हा मास्तर निम्मे झाले होते. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. पण मला विसरता येत नाही ती त्याआधीची, गुवाहाटीहून परतल्यानंतरची सकाळ.

"हातानं बघितली," ते म्हणाले. "नाक तिच्या आज्जीचं हाय. बोटाला कळलं."

माझ्यानं राहवलं नाही. "मास्तर, ती ओळ मी वाचायलाच नको हुती. तुमाला तोंड दिसलं असतं."

"दिसलं असतं," ते म्हणाले. डबलच्या मानेवरून त्यांनी हात फिरवला. "पर मंग म्होरचे कागद मी कुणाकडून वाचून घ्यायचे, सांग."

सुनीतानं माझ्या फोनवर बाळाचा फोटो पाठवला होता. त्यांनी तो उघडायला लावला. "आता नीट बघून सांग. नाक आज्जीचंच हाय ना?"

काकूंचं नाक सरळ आणि धारदार होतं. फोटोतलं नाक बसकं, रुंद, हुबेहूब जावयाचं होतं. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते.

"व्हय मास्तर," मी म्हणालो, "काकूचंच हाय."